अकरा चाफे आणि एक राब

फाल्गुन सरत आला, की मला माझीच धास्ती वाटते. सकाळी उठून मागच्या अंगणात जाते, झेंडूच्या आणि टोमॅटोच्या रोपांपाशी उकिडवी बसते, आणि मग घरात येऊन जुनी लुगडी शोधायला लागते. सूनबाई म्हणते, "आई, बाजारात तयार रोपं मिळतात हो. मेली तर दुसरी आणू." बरोबरच आहे तिचं. तरीही मी चार काठ्या रोवते, त्यांवर लुगडं ताणून धरते, टोकं सुतळीनं बांधते, आणि एवढ्याशा कामानं जो दम लागतो तो संध्याकाळपर्यंत उतरत नाही. मग खाटेवर पडून मी स्वतःला विचारते, की बाई गं, कुणासाठी चाललंय हे? हात मात्र दर वर्षी उठतात.

इथला नाशिकचा वारा तसा गरीब आहे. जव्हारचा नव्हता. गाव डोंगराच्या माथ्यावर, आणि आमचं घर गावाच्या अगदी टोकाला. संस्थानाचा वाडा, बाजार, कचेऱ्या हे सगळं वरच्या अंगाला. तिथून उतरत उतरत रस्ता संपायचा आणि आमचा ओटा लागायचा. पुढे नुसता उतार, लाल माती आणि दगड. फाल्गुनात पहाटे गोधडी अंगावरून काढवत नसे, आणि दुपारी ओट्यावर पाय ठेवला तर तळवा भाजायचा. सकाळी थंडी, दुपारी फुफाटा. माणूस एकवेळ ह्यातून निभावतो, बोटभर रोपानं काय करावं?

माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. मी एकोणीस वर्षांची. हे संस्थानात देवी टोचायचे काम करीत. महिन्यातले वीस दिवस पाड्यापाड्यांतून हिंडत. हे येताना दिसले की माणसं पोरं काखोटीला मारून रानात पळत, मग हे झाडाखाली बसून वाट बघत. संध्याकाळी भूक लागली की माणसं परत येत आणि ह्यांना दोन पोरं टोचायला मिळत. घरी आले की हे मला त्या गोष्टी हसत हसत सांगत, आणि मी हसत नसे. कारण ह्यांना निदान पळून जाणारी का होईना, माणसं भेटत होती.

माझं माहेर केळव्याचं. समुद्रकाठच्या वाडीत मी वाढले. बारा महिने सावली, बारा महिने ओल. सुपारीच्या रांगांतून पाण्याचे पाट वाहायचे, त्या पाटांत पाय सोडून बसलं की दुपार कधी गेली कळत नसे. आणि विहिरीच्या अंगाला तात्यांचा सोनचाफा. तात्या म्हणजे माझे वडील. त्यांनी तो बी लावून वाढवला होता, माझ्या जन्माच्याही आधी. श्रावणात आळीतल्या बायका परड्या घेऊन यायच्या आणि तात्या शिडीवर चढून एकेकीच्या परडीत मोजून चार फुलं टाकायचे. पाचवं मागितलं तर म्हणायचे, "झाडाला पण राहू दे की थोडी."

माझ्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी वाडीत शिरलं. चार दिवस राहिलं. पाणी ओसरलं तेव्हा सगळं हिरवंच दिसत होतं म्हणे. मग हळूहळू केळी गेल्या, पानवेली गेल्या, सुपाऱ्यांचे शेंडे वाळले, आणि दिवाळीच्या सुमाराला सोनचाफ्यानं पानं टाकली. हे सगळं मला दादानं, माझ्या थोरल्या भावानं, पत्रातून कळवलं. मी इथं ओट्यावर बसून ते पत्र वाचलं आणि मला रडूसुद्धा आलं नाही. एवढ्या लांबून कसं रडायचं तेच कळेना.

पौषात एक गाडीवान दारात उभा राहिला. त्याच्या गाडीत गवतात नीट रोवून ठेवलेल्या अकरा करवंट्या होत्या आणि प्रत्येकीत चाफ्याचं एकेक रोप. वीतभरही नव्हती. फिकट हिरवी, मऊ पानं, प्रवासानं मान टाकलेली. सोबत तात्यांची चिठ्ठी होती. मला अक्षरं तात्यांनीच शिकवली, त्यामुळं त्यांचं अक्षर आणि माझं अक्षर सारखंच आहे. त्यात लिहिलं होतं, "आपल्या चाफ्याच्या शेवटच्या बियांची रोपं. इथल्या मातीत आता काही होणार नाही. तू जगव. अक्षय्यतृतीयेनंतर बघायला येतो."

आठ दिवसांनी दादाचं पत्र आलं. तात्या दिवसभर उजाड वाडीत जाऊन बसतात. बोलत नाहीत, धड जेवत नाहीत. तुझं पत्र आलं आणि त्यात चाफ्यांचं बरं लिहिलेलं असलं, की त्या दिवशी दोन घास जास्त जातात. तेव्हा काय ते समजून घे.

मी समजून घेतलं. माझा बाप अकरा करवंट्यांत आहे, एवढं मला समजलं.

ते तीन महिने आज आठवले तरी खांदे दुखतात. विहीर उताराच्या तळाशी, आणि तिचं पाणी माघापासूनच खाली खाली चाललेलं. पाणी भरायला आणि मोळी आणायला जानीबाई यायची. ही जामसरची. नवरा वारलेला, पोरी लग्न होऊन गेलेल्या, एकटीच आपली नागली, म्हणजे नाचणी, पिकवून खायची. चाळिशीची असेल, पण हात असे की दोन हंडे डोक्यावर आणि एक काखेत घेऊन चढ चढायची आणि वर आल्यावर माझ्याशी गप्पा मारायला दम शिल्लक असायचा. पहिल्या दिवशी तिनं ओट्यावरच्या करवंट्या बघितल्या आणि कमरेवर हात ठेवून हसली.

"बाय, ह्यां काय? खायाचां हाय?"

"नाही गं. फुलझाड आहे. चाफा."

"फुलां? फुलांसाटी मी एवढां पानी वर आनूं?"

"माझ्या वडिलांची आहेत."

ती हसायची थांबली. मग म्हणाली, "बापाचां हाय तर आनलांच पायजे." आणि त्या दिवसापासून तिनं एक हंडा चाफ्यांचा म्हणून वेगळा आणायला सुरुवात केली. दुपारच्या वाऱ्यानं माझ्या टोपल्या उडाल्या की तीच धावायची. त्या टोपल्यांनी माझा किती अंत पाहिला! सकाळी प्रत्येक रोपावर उपडी टोपली घालायची, वर दगड ठेवायचा. वावटळ यायची, दगडासकट टोपली उतारावरून गडगडत जायची, आणि मी पदर खोचून तिच्यामागं. संध्याकाळी टोपल्या काढायच्या, थंडीसाठी रोपं आत घ्यायची, सकाळी कोवळं ऊन म्हणून पुन्हा बाहेर. मूल झोपवावं, उठवावं, तसं दिवसातून चारदा. आणि दर आठवड्याला तात्यांचं कार्ड. "चाफे कसे आहेत? पानांच्या कडा करपल्या का? देठापाशी माती भुसभुशीत ठेव." आधी मी माहेरी जी पत्रं लिहीत असे, त्यांत लिहिण्यासारखं काही नसे. आता मजकूर पुरेना. कार्डाच्या कडेनं उभंसुद्धा लिहायची.

होळीच्या आधी सगळे डोंगर तोडलेल्या ऐनाच्या झाडांनी बोडके दिसायला लागतात. ऐनाचे टहाळे उतरवायचे, ते जमिनीच्या एका तुकड्यावर पसरायचे. खाली शेणखत, वर टहाळे, त्यावर पाला नि गवत, आणि सगळ्यांच्या वर चाळलेली माती. हा थर वाळू द्यायचा आणि वारा पडलेला दिवस बघून पेटवायचा. ह्याला राब म्हणतात. माती चांगली भाजली की तण मरतं, आणि पावसात तिथं नागलीचं रोप तरारून वर येतं. तेच रोप उपटून मग डोंगरउतारावर लावायचं. राब बिघडला तर रोप नाही, रोप नाही तर नागली नाही, आणि नागली नाही तर वर्षभर काय खायचं हा प्रश्न. त्या दिवसांत जिकडं बघावं तिकडं डोंगरांतून निळसर धूर उठत असायचा. धुण्याला, केसांना, भाताला त्याचाच वास. पहाटे मोहाची फुलं पडायची, त्यांचा गोड वास आणि हा धुराचा वास मिळून मला मळमळायचं. आज तोच वास कुठून आला तर मी असेन तशी उठून त्याच्या मागं जाईन.

होळी झाल्यावर जानीबाई म्हणाली, "बाय, मी सूर्यमाळला जातां. भावाच्या पोरीचा लगीन हाय. आठ रोज लागतील."

सूर्यमाळ तिचं माहेर, पलीकडं मोखाड्याच्या वरच्या डोंगरात. मी विचारलं, "तुझा राब?"

"रचून ठेवलाय. आली का भाजीन. त्याला काय जातां?"

ती गेली आणि दोनच दिवसांत तात्यांचं कार्ड आलं, की करवंटीत मुळं कोंडतात, आता रोपं जमिनीत उतरव, पण उन्हा-वाऱ्यापासून जप. मी अंगणाच्या कडेला चर खणायला घेतला. रोपं जमिनीच्या पातळीखाली राहिली म्हणजे वारा त्यांच्या डोक्यावरून जाईल, असा माझा हिशेब. चार दिवस लागले खणायला. माती कसली, दगडच. पाणीही आता माझं मीच आणत होते. चराच्या तळाला शेणखत घातलं, करवंट्या फोडून रोपं लावली, अकराच्या अकरा. आता वर नीट मांडव घालायला हवा होता. खांब हवेत, आडव्या काठ्या हव्यात, बांधायला दोर हवा. पाचव्या दिवशी दुपारी मी खांबासाठी खड्डा करायला पहार उचलली आणि ती हातातून खाली पडली. मी तिच्याशेजारी खाली बसले. मला आठवतं, मी मोठ्यानं म्हटलं, "नाही होत माझ्याच्यानं." ऐकायला कोणी नव्हतं.

मग मी सोपं केलं. एका मोळीविक्याकडून ऐनाचे टहाळे घेतले होते, ते चरावर आडवे टाकले. चराच्या दोन काठांवर ते टेकले, खाली रोपांना वीतभर जागा राहिली. त्यावर पाला घातला, गवत घातलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून माती पसरली, हातानं थापटली. उठून लांबून बघितलं. छान दिसत होतं. दोन बाजूंना हवेला फटी ठेवल्या होत्या, त्यातून हात घालून पाणी देता येत होतं. ऊन नाही, वारा नाही, थंडी नाही. मला कधी नव्हे तो स्वतःचा अभिमान वाटला. दीड वर्ष त्या डोंगरात राहून, रोज तो धूर हुंगून, मी काय रचून ठेवलंय हे माझ्या ध्यानात आलं नाही. आले होते ना समुद्रकाठून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वांगणीच्या पाड्याहून एक माणूस आला. हे तिथं तापानं पडले होते. मी चाफ्यांना दोन दिवस पुरेल एवढं पाणी घातलं, घराला कुलूप लावलं आणि त्या माणसासोबत निघाले. वाट कसली ती, नुसते खडक आणि नाले. वांगणीच्या एका घरात हे घोंगडीखाली कुडकुडत होते. घरच्या म्हातारीनं ह्यांच्या उशाशी बसून दोन दिवस काढले होते, आणि तिचीच नातवंडं आदल्या आठवड्यात टोचायच्या भीतीनं रानात पळाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं आभाळ काळं झालं आणि गारा पडल्या. सुपारीएवढ्या. मी दारात उभी राहून त्या बघत होते आणि मनात म्हणत होते, माझे चाफे झाकलेले आहेत. ह्यांच्या कपाळावर पाण्याची घडी होती आणि माझ्या मनात चाफे होते. आता सांगायला लाज वाटते, पण होतं तसं होतं.

तिसऱ्या दिवशी गाडी करून ह्यांना घेऊन मी घरी आले. ऊन पडलं होतं, हवा धुतल्यासारखी. ओट्यावर जानीबाई बसली होती. मला बघून ती उठली, आणि तिच्या तोंडावर असा आनंद होता की मलाही बरं वाटलं. मग मी अंगणाच्या कडेला बघितलं.

चराच्या जागी काळा पट्टा होता. ओली राख. कडा झोडपून व्यवस्थित विझवलेल्या.

"बाय, भाजून टाकला तुजा राब," जानीबाई म्हणाली. "लगनाहून परत जाताना म्हटलां बायला भेटून जांव. बघतां तर तूं घरी नाय, आनी राब रचून तसाच. आभाळ भरून येत व्हतां. म्हटलां भिजला तर पोरीची मेहनत फुकट जाल. वारा पडला तशी पेटवला. बेस भाजला बघ, एक टहाळा कच्चा नाय राहिला."

"रोपं," मी म्हटलं. "जानीबाई, रोपं कुठं आहेत?"

"करवंट्या ना? तूं घरात ठेवून गेलीस ना?" तिनं कुलपाकडं बघितलं.

ओट्यावर करवंट्या नाहीत, घराला कुलूप. तिला दुसरं काय वाटणार? मी जाऊन राखेत हात घातला. फोडलेल्या करवंट्यांचे तुकडे खालीच टाकले होते मी, त्यांचे कोळसे हाताला लागले. आणखी काही लागलं नाही.

मग मी तिला जे बोलले ते सगळं लिहीत नाही. "माझा बाप जाळलास तू," एवढं लिहिते. ते मी दोनदा म्हटलं. "चालती हो. पुन्हा माझ्या अंगणात पाऊल टाकू नकोस." हे गाडीतून उतरून खांबाला धरून उभे होते. ते म्हणाले, "अगं, तिला काय माहीत," तर मी ह्यांच्यावरही ओरडले.

जानीबाई हललीच नाही. तिला आधी कळलंच नाही, आणि मग कळलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला. तिनं त्या काळ्या पट्ट्याकडं बघितलं आणि मला विचारलं, भांडणासाठी नाही, खरंच विचारलं, "बाय, मग वर मांडव का नाय घातलास?"

माझ्यापाशी उत्तर होतं. थकले होते म्हणून. पण ते द्यायची हिंमत नव्हती, म्हणून मी आणखी मोठ्यानं ओरडले. ती डोक्यावर पदर घेऊन जामसरच्या वाटेला लागली.

माणूस थकतो तेव्हा तो काम कमी करतो, हे ठीक आहे. पण थकव्यानं केलेली चूक दुसऱ्याच्या माथी मारायला त्याच्यात कुठून बळ येतं कोण जाणे. पहार उचलायचं बळ नव्हतं मला. ओरडायचं होतं. ह्या वयात मी कधी सुनेवर उगाच करवादले, की मागाहून तो दिवस आठवतो, आणि मग रात्रीच्या भाकरीला मी मुद्दाम तिच्याशेजारी बसते. ती म्हणते, "काय झालं आई?" मी म्हणते, "काही नाही गं."

पुढचे दिवस मोळी आणायला जानीबाईची जाऊ यायची. एकदा मोळी टाकता टाकता ती म्हणाली, "जानीचा राब गेला. गारांनी भिजला. दोनदा पेटवला, दोनदा इजला. त्या दिशीं ती हितां व्हती ना, तुज्या घरा." माझ्या मनात आलं: बरं झालं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तात्यांना मी कळवलंच नाही. दोन कार्डं खोटी लिहिली. नवी पालवी फुटली आहे, असं लिहिलं. खोटं लिहिताना अक्षर जास्त सुबक येतं, हे तेव्हा मला कळलं. अक्षय्यतृतीया झाली आणि एके दिवशी सकाळी तात्या गाडीतून उतरले. मला वाटलं होतं, काठी टेकत, हाडं निघालेला माणूस येईल. तात्या रापले होते, पण तसे धडधाकट होते. पाय धुतले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "चल, दाखव."

मी त्यांना अंगणाच्या कडेला नेलं. त्यांनी तो पट्टा बघितला, खाली बसले, मूठभर माती उचलून बोटांनी चुरली. मी सगळं सांगितलं. टहाळे, वांगणी, गारा, जानीबाई, तिला काय बोलले ते. रडत सांगितलं. शेवटी म्हटलं, "तात्या, तुमच्या चाफ्याचं आता काहीच उरलं नाही हो. माझ्यामुळं."

तात्यांनी मुठीतली माती पुन्हा एकदा चुरली. मग म्हणाले, "कमळे, ती आपल्या चाफ्याची नव्हतीच."

मला वाटलं, समजूत घालताहेत.

"आपल्या चाफ्यानं त्या साली बी धरलंच नाही. खाऱ्या पाण्यानं फळं गळून गेली. ही रोपं मी एका माळ्याकडून आणली." त्यांनी माती खाली सोडली, हात झटकले. "तुझं प्रत्येक पत्र एकच सांगायचं. मला घेऊन जा. मला इथं करमत नाही, मला घेऊन जा. आणि घेऊन तर येता येत नव्हतं. म्हटलं, पोरीच्या हाताला काहीतरी पाहिजे. आपलं म्हणून सांगितलं नसतं तर तू जपली नसतीस. दादाला मीच सांगितलं तसं लिहायला."

"म्हणजे तुम्ही जेवत होतात?"

"जेवत होतो की." मग म्हणाले, "वाडी गेली हे खरं आहे. ते माझं मी बघतो. त्याचा भार तुझ्यावर टाकेन होय?"

मी त्यांच्यावर चिडले का? चिडले. तीन महिने मी त्यांना मरू न देण्यासाठी पाणी वाहत होते, आणि ते मला करमावं म्हणून मजकूर रचत होते. आम्ही दोघं बापलेक एकमेकांना जगवण्यात इतके दमलो, की कुणालाच काही झालं नव्हतं हे आमच्या लक्षात आलं नाही. मला हसूही आलं. आणि हसता हसताच जानीबाईची जाऊ काय म्हणाली होती ते आठवलं, आणि हसू गेलं. माझा बाप माझ्यासमोर उभा होता. चाफे बाजारचे होते. त्या सगळ्या प्रकरणात खरं नुकसान एकाच बाईचं झालं होतं, आणि तिलाच मी हाकलून दिलं होतं.

दुपारी भाकरी खाऊन तात्या आणि मी जामसरला चालत गेलो. जानीबाई आपल्या राबावर वाकलेली होती. पाला कुजून मातीला चिकटला होता. ती काठीनं तो उलटा करून उन्हाला लावत होती, पुन्हा पेटतो का बघायला. मला बघून उभी राहिली.

"जानीबाई, माझं चुकलं," मी म्हटलं. "मांडव घालायचा मला कंटाळा आला होता. चूक माझी होती. आणि ती रोपं माझ्या वडिलांची नव्हतीच. हे वडील."

तिनं तात्यांकडं नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. "जिता हाय तर," ती म्हणाली.

"माझ्या अंगणातला राब भाजलेला आहे. तुझी नागली तिथं पेर."

ती काठीनं पाला उलटत राहिली. मग म्हणाली, "ल्हान हाय तो. पुरनार नाय." आणि थोड्या वेळानं, "पेरीन. भाजलेली माती फुकट का घालवूं?"

मिरगाआधी ती आली आणि तिनं आणि तात्यांनी मिळून नागली पेरली. तात्यांनी कधी नागली पेरली नव्हती, ती त्यांना शिकवत होती. रोप खरंच छान आलं, पण तिच्या उताराच्या निम्म्यालाच पुरलं. बाकीचा उतार त्या वर्षी मोकळा राहिला. पौषानंतर तिच्या डब्यातली नागली संपली, तेव्हा ती दोन महिने आमच्याकडं जेवली. मी वाढायची, ती खायची.

जव्हारात आम्ही आणखी नऊ वर्षं काढली. माझी दोन्ही मुलं तिथंच झाली, आणि दोघांना पहिलं न्हाऊ तिनंच घातलं. कामाला ती शेवटपर्यंत येत होती. पाण्याचे हंडे डोक्यावर घेऊन चढ चढून यायची, आणि अंगणाच्या कडेशी थांबायची. ओझं डोक्यावर तसंच, मान ताठ. "बाय, येऊं का आंत?" असं विचारायची. पूर्वी ती कधी विचारत नसे. मी हजारदा सांगितलं, "अगं, विचारतेस काय, ये की." मी चुलीपाशी असले आणि मला ऐकू आलं नाही, तर ती हंड्यांखाली तशीच उभी राहायची, मी "ये" म्हणेपर्यंत.